घराची शोभा

घर लहान असो वा मोठे, कौलारू असो वा सिमेंटचे, ते नीटनेटके आणि प्रसन्न दिसावे असे त्यात राहणाऱ्या प्रत्येकास वाटते. सणासुदीच्या दिवसांत ही इच्छा अधिकच प्रबळ होते. मात्र घर सजवायचे म्हणजे बाजारात जाऊन भारी किमतीच्या वस्तू विकत आणायच्या, अशी एक समजूत अलीकडे रूढ होऊ लागली आहे. ती बरोबर नाही. घराची शोभा पैशावर फारशी अवलंबून नसते. ती नीटसपणावर, रंगांच्या मेळावर आणि घरातील माणसांच्या हातांवर अवलंबून असते. शिरगोळ्याची चिमूटभर पांढरी पूड घेऊन उंबरठ्यावर काढलेली चार बोटांची रांगोळी किंवा आंब्याची पाने आणि झेंडूची फुले ओवून केलेले तोरण दारात आले, की सारे घर हसू लागते. यांपैकी कशालाही मोठा खर्च येत नाही.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. तिचा पुरावा पाहावयाचा असेल तर पुण्यास शुक्रवार पेठेत बाजीराव रस्त्यालगत असलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे पुण्यात चष्म्यांचे दुकान होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. जुन्या वस्तू जमविण्याचा त्यांना नाद होता. त्यांचा मुलगा राजा हा लहानपणीच, वयाच्या सातव्या वर्षी, वारला. पुढे आपल्या साऱ्या संग्रहाला त्यांनी त्याचेच नाव दिले. पत्नी कमलाबाई यांच्या साहाय्याने गावोगाव हिंडून त्यांनी वीस हजारांच्या आसपास वस्तू मिळविल्या आणि १९७५ साली हा सर्व ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

या संग्रहालयात राजेरजवाड्यांच्या रत्नजडित वस्तूंपेक्षा सामान्य घरांतील वस्तूंचीच गर्दी अधिक आहे. दिवे, समया, फण्या, अडकित्ते, अंग घासण्याच्या वज्री, दौती, स्वयंपाकाची भांडी, दारांच्या चौकटी अशा रोजच्या उपयोगाच्या त्या वस्तू आहेत. अडकित्त्याचे काम सुपारी कातरण्याचे. त्याला घोड्याचा किंवा पक्ष्याचा आकार दिल्याने सुपारी अधिक चांगली कातरली जाते असे नाही. तरीही कारागिराने तो आकार दिला आणि घरधन्याने तो आवडीने वापरला. जी वस्तू दिवसातून दहा वेळा हाती घ्यावयाची ती पाहून मनास आनंद व्हावा, एवढाच त्यामागील हेतू होता. घराची शोभा घराच्या नित्य कामांतूनच निर्माण होते, ती वेगळी आणून टांगावी लागत नाही, हा धडा या संग्रहालयात मिळतो.

सजावटीला लागणारे साहित्य कोठे मिळावयाचे, याचे उत्तर पुण्याच्या पेठांची नावेच देतात. कसबा पेठेच्या परिसरात कुंभारवाडा आहे, तांबट आळी आहे, शिंपी आळी आहे आणि कागदीपुराही आहे. शहरात बुरूड आळी आहे. रविवार पेठेतील बोहरी आळीत रंगीबेरंगी कागद, दोरे, मणी आणि टिकल्या यांची दुकाने ओळीने लागलेली आहेत. शिवाजीनगर भागात १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली. झाडे न तोडता सुती कापडाच्या चिंध्यांपासून कागद कसा तयार करता येतो, हे या संस्थेने दाखवून दिले. चिंधी टाकाऊ खरी. परंतु ती भिजवून, कुटून, तिचा लगदा जाळीवर पसरला की तिचाच टिकाऊ कागद होतो. ही एक युक्ती ज्याने ध्यानात ठेवली, त्याला घरात टाकाऊ अशी फारच थोडी वस्तू आढळेल.

आता घरच्या घरी करता येण्याजोग्या काही वस्तूंचा विचार करू लागले, की पहिला मान आकाशकंदिलाचा येतो. दिवाळीत पुण्यातील घराघरांवर लटकणारा जुन्या पद्धतीचा आकाशकंदील म्हणजे भूमितीचा एक सुंदर पाठच आहे. त्यासाठी बांबूच्या सारख्या लांबीच्या २४ काड्या लागतात. प्रत्येक काडी २० सेंटिमीटर घेतली, तर मध्यम आकाराचा कंदील होतो. चार-चार काड्या कोपऱ्यांवर दोऱ्याने बांधून प्रथम सहा चौकोन करावेत. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरपा होतो; म्हणून प्रत्येक चौकोनात समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारी, सुमारे २८ सेंटिमीटरांची एक काडी बांधावी. चौकोनाचे असे दोन त्रिकोण झाले म्हणजे तो मुळीच हलत नाही. पुलांच्या आणि छपरांच्या लोखंडी सांगाड्यांत त्रिकोण जागोजाग दिसतात, त्याचेही कारण हेच.

यानंतर चार चौकोन टोकावर उभे धरावेत आणि शेजारशेजारचे कोपरे एकमेकांस बांधून त्यांचे एक कडे करावे. या चौघांची वर आलेली चार टोके पाचव्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना बांधावीत. खालची चार टोके सहाव्या चौकोनाच्या कोपऱ्यांना बांधावीत. कंदिलाचा सांगाडा तयार झाला. येथे एक गंमत दिसून येते. चौकोन केले सहाच. परंतु त्यांच्या मधल्या जागांत आपोआप आठ त्रिकोण तयार झालेले असतात. त्यांकरिता एकही निराळी काडी लागत नाही. सांगाड्याला चोवीस काड्या प्रत्येकी २० सेंटिमीटरांच्या आणि तिरप्या सहा काड्या प्रत्येकी २८ सेंटिमीटरांच्या, म्हणजे साऱ्या मिळून साडेसहा मीटरांच्या आत बांबूची काडी पुरते. एवढ्या सामग्रीत चौदा बाजूंचा कंदील उभा राहतो.

सांगाड्यावर पतंगी कागद चिकटवावयाचा असतो. त्यासाठी बाजारचा गोंद आणण्याची गरज नाही. एक वाटी गार पाण्यात दोन चमचे मैदा कालवून तो मंद आचेवर ढवळत राहिले, की थोड्याच वेळात उत्तम खळ तयार होते. कागद चौकोनापेक्षा प्रत्येक बाजूस एक सेंटिमीटर मोठा कापावा आणि खळ कागदावर न लावता काडीवर लावावी. म्हणजे कागद ओला होऊन सुरकुतत नाही. बाजूचे चार चौकोन एका रंगाचे आणि आठही त्रिकोण दुसऱ्या रंगाचे केले तर कंदील खुलून दिसतो. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवावा. खालच्या कडांना कागदाच्या झिरमिळ्या लावाव्यात. कंदिलात तेलाची पणती किंवा मेणबत्ती कधीही ठेवू नये. कागद पेटण्यास एक ठिणगी पुरते. न तापणारा लहान विजेचा दिवा मोठ्या माणसांकडून आत सोडून घ्यावा. दिवाळी संपली की कागद काढून टाकावा आणि सांगाडा जपून ठेवावा. पुढील वर्षी केवळ नवा कागद लावला की कंदील नवा होतो.

दिवाळीत घराच्या अंगणाला शोभा आणणारी दुसरी वस्तू म्हणजे मातीचा किल्ला. सहामाही परीक्षा संपली की पुण्यातील मुले दगड, विटा आणि माती गोळा करू लागतात. वाड्यांची अंगणे आता पुष्कळशी नाहीशी झाली, तरी इमारतीखालच्या एखाद्या कोपऱ्यात किंवा गच्चीवरही किल्ले उभे राहतात. विटांचा आणि दगडांचा ढीग रचून त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट पसरावे; त्यामुळे माती कमी लागते आणि डोंगराला नैसर्गिक चढउतार मिळतात. ओल्या मातीवर हळीव किंवा मोहरी पेरावी आणि रोज हलक्या हाताने पाणी शिंपडावे. दोन-तीन दिवसांत अंकुर फुटतात आणि वसुबारसेच्या आठवडाभर आधी पेरणी केली असेल, तर ऐन दिवाळीत किल्ल्यावर हिरवेगार रान डोलू लागते. कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज यांची स्थापना झाली की किल्ला पूर्ण होतो.

किल्ला करताना एखादा खराखुरा किल्ला डोळ्यांपुढे ठेवला, तर खेळाला अभ्यासाची जोड मिळते. राजगड करावयाचा तर मध्ये उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंस पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या दाखवाव्या लागतात. सिंधुदुर्ग करावयाचा तर परातीत पाणी भरून त्यात बेट उभारावे लागते. रायगडचा महादरवाजा करताना तो दोन बुरुजांच्या आड का लपविला आहे, असा प्रश्न पडतो. शत्रूला दरवाजा दुरून दिसू नये आणि त्यावर सरळ मारा करता येऊ नये, हे त्याचे उत्तर हाताने माती थापतानाच उमगते. २०२५ सालच्या जुलै महिन्यात युनेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केले. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात असून जिंजी हा एक तामिळनाडूत आहे. वर उल्लेखिलेले तिन्ही किल्ले त्या यादीत आहेत. अंगणात मातीचा राजगड करणारे मूल त्या वारशाशी आपल्या परीने नाते जोडत असते.

गणेशोत्सवातील मखराची कथा थोडी निराळी आहे. बरीच वर्षे घरोघरी थर्मोकोलची मखरे येत असत. ती दिसावयास पांढरीशुभ्र आणि वजनाला हलकी. परंतु उत्सव संपल्यावर त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरे. थर्मोकोल कुजत नाही. त्याचे बारीक गोळे होऊन ते वाऱ्याबरोबर उडतात, गटारे तुंबवितात आणि नदीत जातात. या कारणाने महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्मोकोलवरही बंदी घातली. तेव्हापासून कागद, पुठ्ठा, बांबू आणि कापड यांच्या मखरांना पुन्हा चांगले दिवस आले.

सामानाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा मखरासाठी उत्तम. त्याची कड नीट पाहिली तर दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद बसविलेला दिसतो. या नागमोडी नळ्या उभ्या राहतील अशा रीतीने पुठ्ठा कापला तर खांब ताठ उभा राहतो. त्या आडव्या आल्या तर तोच खांब भाराने दबतो. रद्दी वर्तमानपत्रांचाही असाच उपयोग होतो. ती दोन दिवस पाण्यात भिजत घालून कुटावीत, त्यात भिजवून वाटलेली थोडी मेथी मिसळावी आणि तो लगदा पालथ्या घातलेल्या भांड्यावर ओले फडके टाकून सारखा थापावा. चांगले कडक ऊन मिळाले की काही दिवसांत तो वाळतो आणि भांड्यावरून सुटून त्याची हलकी, भक्कम टोपली होते. मेथीने लगदा चिकट होतो. महाराष्ट्रातील अनेक घरांतील आजीबाईंना ही कृती तोंडपाठ असे. अशा टोपलीत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. फुले, दोरे, खेळणी ठेवण्यास ती छान.

गोव्यात आणि कोकणात तर निसर्गच मखर सजवितो. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, रानातील फळे, फुले आणि पाने बांधतात. तिला गोव्यात माटोळी म्हणतात. त्या निमित्ताने घरातील मुले वडीलमाणसांबरोबर रानात जातात आणि कोणते फळ कोणत्या वेलीला लागते हे ओळखू लागतात. भिंतीच्या सजावटीसाठी ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील वारली समाजाकडे पाहावे. गेरूने सारविलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली बांबूची काडी एवढ्याच साधनांनी ते चित्रे काढतात. वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ यांतून त्यांची माणसे, झाडे आणि गुरे जिवंत होतात. या चित्रकलेची कीर्ती देशोदेशी नेणारे जिव्या सोमा मशे यांना भारत सरकारने २०११ साली पद्मश्री देऊन गौरविले. मातीच्या एखाद्या जुन्या कुंडीला गेरू लावून त्यावर अशी चार माणसे नाचविली, तरी गॅलरीचा कोपरा पाहत राहावासा वाटतो.

ज्या घरात लहान मुले आहेत, त्या घरात अशी कामे वाटून घेणे हिताचे असते. तीन-चार वर्षांच्या मुलास माती थापता येते, कागद फाडता येतो, पाने गोळा करता येतात, बटाट्याच्या कापाने रंगाचे ठसे उमटविता येतात. सात-आठ वर्षांच्या मुलास बोथट टोकाच्या कात्रीने कापता येते आणि घड्या घालता येतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींनी मापे घ्यावीत, काड्या बांधाव्यात आणि धाकट्यांवर लक्ष ठेवावे. बांबू चिरणे, चुलीवर खळ शिजविणे आणि विजेचे काम करणे ही मोठ्यांची कामे होत. टाचण्या, मणी आणि टिकल्या अगदी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दिसेल ते तोंडात घालणे हा त्यांचा स्वभाव असतो.

तथापि याहून नाजूक अशी एक गोष्ट आहे. धाकट्या भावाने लावलेले फूल वाकडे असते, त्याने रंगविलेल्या पणतीवर रंगाचे ओघळ आलेले असतात. अशा वेळी मोठ्या भावंडांना ते काढून टाकावेसे वाटते. रात्री धाकटा झोपल्यावर ते फूल हळूच सरळ करण्याचा मोहही होतो. परंतु सकाळी उठल्याबरोबर ते मूल प्रथम आपले फूल पाहते. ते बदललेले त्याला तत्काळ समजते आणि ‘आपले काम या घरात चालत नाही’ असा अर्थ त्याच्या मनात घर करतो. पुढच्या वर्षी ते पुढे येत नाही. उलट ते वाकडे फूल तसेच दारावर राहिले, तर पुढच्या वर्षीचे फूल आपोआप थोडे सरळ लागते. हात सरावानेच वळतो आणि सरावासाठी धीर लागतो. तो धीर देणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे, तसेच मोठ्या भावंडांचेही काम आहे.

आता कोणी विचारील, की बाजारात हव्या तशा वस्तू तयार मिळत असताना एवढा खटाटोप कशाला? सगळेच घरी करू लागले, तर कुंभाराने आणि बुरुडाने काय करावे? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर कंदील करणाऱ्याच्या बोटांतच सापडते. साडेसहा मीटरांच्या काड्या बांधताना ज्याची बोटे दुखली, त्याला बुरुडाची शेकडो काड्या सारख्या चिरण्याची करामत कळते. ज्याची पणती वाळताना तडकली, त्याला कुंभाराच्या पणत्यांचा ढीग पाहून नवल वाटते. असा मनुष्य दुकानापुढे उभा राहून चार आण्यांसाठी हुज्जत घालीत नाही. तो मातीचा मावळा आनंदाने विकत घेतो, कारण त्यामागचे श्रम त्याला समजलेले असतात. ज्याने कधीच काही केले नाही, त्यालाच सर्व वस्तू महाग वाटतात.

दिवाळी सरते. किल्ल्यावरचे हळीव पिवळे पडते, तोरणाची पाने सुकतात, रांगोळी पुसली जाते. किल्ल्याची माती कुंड्यांत जाते, पाने खतात जातात आणि कंदिलाचा सांगाडा माळ्यावर चढतो. घरात कचरा म्हणून काहीच उरत नाही. उरते ते हातांना लागलेले वळण, आणि मोठ्यांनी व धाकट्यांनी एकत्र बसून घालविलेल्या दुपारांची आठवण. घराची खरी शोभा तीच होय.

स्वाध्याय

१. केळकर संग्रहालयातील अडकित्त्याच्या उदाहरणावरून कोणता धडा मिळतो?
२. आकाशकंदिलाच्या चौकोनात तिरपी काडी का बांधावी?
३. एका काडीची लांबी १५ सेंटिमीटर घेतली, तर सहा चौकोनांसाठी एकूण किती लांबीची काडी लागेल?
४. थर्मोकोलच्या मखरांमुळे कोणती हानी होत असे?
५. ‘ज्याने कधीच काही केले नाही, त्यालाच सर्व वस्तू महाग वाटतात.’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : खटाटोप, हुज्जत, करामत, प्रसन्न.
७. आपल्या गावातील एखाद्या कारागिराचे काम प्रत्यक्ष पाहा आणि त्याविषयी दहा ओळी लिहा.